नागपूरच्या खेपेसाठी निवडलेले आवाज

ही वही कोणी उघडलीच तर आधी माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन चौथीत सुटलं ते सुटलंच. हातात ब्रश असला की केसाएवढी रेघही सरळ जाते, पेन धरलं की हात परका होतो. पण आषाढातली ती खेप लिहून ठेवायचीच आहे. तोंडाने सांगायला मला जमणार नाही.

मी पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करते. घर रोह्याच्या पुलापलीकडे, अष्टमी गावात. नवऱ्याचा टेम्पो आहे, ते आमच्याच कारखान्याच्या मूर्ती लांबच्या गावांना पोचवतात. गेल्या वर्षी नागपूरच्या वाटेवर, एका सरळसोट रस्त्यावर, त्यांचा क्षणभर डोळा लागला. टेम्पो कडेच्या खडीत उतरला. त्यांना खरचटलंही नाही, पण अकरा मूर्ती गेल्या. कोणाची सोंड, कोणाचा हात. शेठ ओरडले नाहीत. नुकसान माझ्या मजुरीतून दर शनिवारी थोडं थोडं कापायचं ठरलं. या आषाढापर्यंत कापून उरलेली रक्कम नागपूरच्या एका खेपेच्या भाड्याएवढी होती. ही खेप धड पोचली तर आम्ही मोकळे. शेठची अट एकच होती, की टेम्पोत शेजारी बोलणारं माणूस हवं.

"मी जाते," मी म्हटलं.

नवरा जेवता जेवता थांबला. "तू? काय गो, तू वर्षात चार वाक्यं बोलतेस. त्यातली दोन 'मीठ पुरं हाय का' हीच."

खरंच होतं ते. पण मला पैशांपेक्षा त्या रस्त्याची भीती होती. या वेळी पुन्हा डोळा लागला तर ते मूर्तींवरच भागेल कशावरून?

मुलगी बारावीला आहे. ती म्हणाली, "आई, बोलणारं माणूस फोनमधून घेऊन जा." तिने माझ्या फोनवर एक ॲप टाकून दिलं. त्यात माणसं पुस्तकं वाचून दाखवतात. पहिला महिना फुकट.

अगं बाई, केवढी पुस्तकं! चौथीनंतर मी एकही पुस्तक शेवटापर्यंत वाचलेलं नाही. एका पानाला माझा अर्धा तास जातो, आणि खाली पोचेपर्यंत वरचं विसरते. आणि इथे बोट लावलं की कोणीतरी फक्त माझ्यासाठी वाचायला बसतं. पहिल्या दिवशी मी चार पुस्तकांची सुरुवात ऐकली आणि भात लावायचा विसरले.

प्रत्येक पुस्तकाचा दहा मिनिटांचा नमुना मिळतो. तो मी कारखान्यात एका कानात घालून ऐकायची. माझ्या शेजारी खाडीकाठच्या खारेपाटातली एक मावशी रंग देते. पूर्वी ती मिठागरावर कामाला होती. तिने लगेच हेरलं.

"काय गो, कानान काय घातलास?"

मी पुढची मूर्ती ओढली. थोड्या वेळाने तिचा आवाज चढला. "अगो, बाप्पाला एका डोल्याचा ठेवतंस काय?"

बघते तर खरंच, एक डोळा आखलेला, दुसरा कोरा, आणि माझा ब्रश हवेतच. गोष्ट इतकी रंगली होती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्या गोष्टीने माझा ब्रश थांबतो, तिने त्यांचा हातही स्टिअरिंगवर थांबेल. ती नको. जिने मला जांभई येते ती तर नकोच. जी ऐकताना ब्रश आपोआप भराभर चालतो, तीच टेम्पोत घ्यायची. त्या आठवड्यात मी रोजच्यापेक्षा जास्त डोळे आखले. शेठनी दोनदा येऊन बघितलं.

पण कारखान्यात शांतता असते आणि आमच्या टेम्पोचं इंजिन कोणाचं ऐकत नाही. म्हणून मी अष्टमीच्या पिठाच्या गिरणीत गेले. तांदूळ दळायला टाकले आणि फोन हातात धरून उभी राहिले. तिथे किती पुस्तकं बाद झाली म्हणून सांगू! एकाचं मागचं संगीतच एवढं मोठं की माणूस विहिरीतून बोलल्यासारखा वाटला. एक बाई कानात सांगितल्यासारखी वाचत होती, गिरणीने तिला गिळून टाकलं. एक गृहस्थ बातम्या दिल्यासारखे वाचत होते, कोणी मेलं काय आणि लग्न झालं काय, सूर तोच.

गिरणीवाला म्हणाला, "वहिनी, फोन लागत नाय काय? भायेर जा, तिथं रेंज हाय."

मी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दळण घेऊन गेले. तिसऱ्या दिवशीही. नवऱ्याने डबा उघडून बघितला. "एवढं पीठ? कोणाचं लगीन काढलंस?"

शेवटी चार पुस्तकं उरली. विनोदी गोष्टींचं एक, समुद्रप्रवासाचं एक, एका आचाऱ्याच्या आठवणी, आणि चौथी, माझी सगळ्यात लाडकी, एका घरातल्या चोरीची गोष्ट. ती वाचणारी बाई फार गुणाची. मोलकरीण बोलली की मोलकरीण दिसायची, मालक बोलला की मालक, पण नाटकीपणा कुठे नव्हता. त्यात दाराची करकर, पाऊस, पावलं, सगळे आवाज घातलेले, आणि तरीही शब्द न् शब्द गिरणीत ऐकू आला. मुलीने एक भुताची गोष्टही सुचवली होती. नवरा म्हणाला, "मागं सगळे एवढाले कान घेऊन बसणार, त्यांच्यासमोर भूत काय लावतेस?" ती राहिली. बाकीची चारही मुलीने फोनमध्ये भरून दिली, म्हणजे रेंज नसली तरी चालतील.

पेंढ्यात बावन्न मूर्ती बसवून, वर ताडपत्री आवळून, आम्ही पहाटे पेणहून निघालो. खोपोलीचा घाट होईपर्यंत फोन बंद, तो माझा नियम. मग विनोदी गोष्टी लावल्या. ते इतके हसले की पुढच्या ट्रकवाल्याने आरशात बघितलं. मी खिडकीकडे तोंड करून हसत होते. असं वाटत होतं की मीच त्या गोष्टी लिहिल्यात!

रात्री मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो रस्ता आला. सरळ, रिकामा, उन्हात चमचमणारा. त्यांनी दोनदा डोळे चोळले. मी चोरीची गोष्ट लावली. ती मी या रस्त्यासाठीच राखून ठेवली होती.

चौथा भाग चालू होता आणि एकदम खळ्ळकन आवाज झाला.

"गेली!" ते ओरडले. तशातही ब्रेक हळूहळू दाबला, मागच्यांना धक्का नको म्हणून. टेम्पो कडेला लागला, आम्ही दोघं खाली उड्या मारल्या. त्यांना घाईत ताडपत्रीची गाठ सुटेना. ती मी सोडली आणि आत चढले. पेंढ्यात हात घालून एकेक सोंड, एकेक हात, एकेक कान चाचपला. प्रत्येकाचे डोळे मीच आखलेले. बावन्न बघून झाले.

"एक पण नाय फुटली," मी म्हटलं.

"मग फुटलं काय?"

पुन्हा केबिनमध्ये बसलो. फोनवर गोष्ट आपली चालूच होती. मी ती थोडी मागे नेली. पावलं, दाराची करकर, आणि खळ्ळकन! चोराने अंधारात मालकाची कपबशी पाडली होती. मी नमुना ऐकला होता पहिल्या दहा मिनिटांचा. चौथ्या भागात कोणी काय फोडणार हे मला काय ठाऊक!

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या केसात पेंढा. मग असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि झोप कुठल्या कुठे पळाली.

"पाडली कोणी पण? मोलकरीण असणार."

"नाय, भाचा. त्याची चप्पल ओली होती, तिसऱ्या भागात सांगितलंय."

"हॅट! भाच्याला कशाला पैसा हवाय?"

"त्यालाच तर हवाय!"

आम्ही नागपूर येईपर्यंत भांडलो. गोष्ट थांबवायची, भांडायचं, पुन्हा लावायची. एवढं मी आयुष्यात बोलले नसेन, घसा बसला. ते म्हणाले, "शेठला सांगतो, बोलणारं माणूस नेलं खरं, पण ते गप्पच बसेना." आणि चोर भाचाच निघाला!

नागपूरच्या व्यापाऱ्याने मूर्ती उतरवून मोजल्या. बावन्नच्या बावन्न, एकीलाही टवका नाही. त्याची सही घेऊन आम्ही परतलो. येताना आचाऱ्याच्या आठवणी ऐकल्या. त्यात काही फुटलं नाही, फक्त भूक फार लागली.

पेणला शेठनी सही बघितली, भाड्यातून उरलेली सगळी रक्कम वळती करून घेतली आणि वहीतल्या आमच्या नावावर आडवी रेघ मारली. त्या शनिवारी माझ्या हातात पूर्ण मजुरी पडली.