अण्णांचा सांगावा

मागावरून घरी आलं की कपड्यांना चिकटलेले धागे कितीही झटका, संपत नाहीत. आमच्या सुपडूअण्णांच्या किश्शांचं तसंच आहे. एक सांगायला घेतला की चार चिकटून येतात!

अण्णा पारोळ्याकडचे. सत्तर सालाच्या आसपास बमरोलीच्या आमच्या कापड कारखान्यात जॉबर, म्हणजे मागाचा बिघाड आवाजावरून ओळखून दुरुस्त करणारे. एकेकाळी स्वतः पट्टीचे पिणारे. सुटले, आणि मग आम्हा दोघा-चौघांना सोडवायच्या मागे लागले. गुजरातेत दारूबंदी, म्हणून तर हातभट्टीचा पत्ता सगळ्यांना पाठ!

आमच्यातल्या दगडूची बायको शेवंता पोरीला घेऊन अमळनेरला माहेरी गेली होती. जाताना बजावून गेली, "अण्णांचा सांगावा आला तरच येईन. तुमच्या शपथा पोतंभर पडल्यात माझ्याकडे!"

तेव्हापासून अण्णांची नजर दगडूवर.

एका रविवारी ओट्यावर दगडू पिण्याच्या दिवसांतल्या गमती सांगत होता. गटारात कसा पडला, म्हशीला कसा राम राम घातला. आम्ही पोट धरून हसतोय. अण्णा म्हणाले, "पुढचं सांग ना. शेवंता कंदील घेऊन शोधत होती, ते." हसणं जागच्या जागी थांबलं. "गोड आठवायला लागलं की मला भीती वाटते रे," एवढंच बोलून अण्णा उठले.

मग दगडू लांबच्या, भट्टीवरून जाणाऱ्या गल्लीने घरी जायला लागला. "तिकडं भाजी स्वस्त मिळते, अण्णा."

"मग पिशवी कुठाय?"

दुसऱ्या दिवसापासून पिशवी घेऊन अण्णा त्याच्यासोबत! रोज मेथी. शेवटी अण्णांच्या घरच्या काकू कडाडल्या, "आता माझ्या कानातून मेथी उगवेल!"

एकदा तो उगाच सगळ्यांशी भांडत सुटला. भाजीत मीठ कमी, माग खराब, शेठ खराब. अण्णा म्हणाले, "हा प्यायला कारण शोधतोय." दगडू भडकला, "आवाजावरून ओळखायला मी काय माग आहे?"

"माग परवडला, बाबा. तो खोटं बोलत नाही!"

दिवाळीनंतर दगडू छाती काढून आला. "होळीपासून थेंब नाही. म्हणाल तर भट्टीच्या दारात बसून चहा पिऊन दाखवतो. आता मला काही होत नाही! धाडा सांगावा."

"नाही."

दगडू पाय आपटत गेला. मलासुद्धा राग आला. म्हटलं, "अण्णा, जीव घेता का त्याचा? पोरगी बापाचं तोंड विसरेल." त्या दिवशी मला ते दगडाच्या काळजाचे वाटले.

पुढे एकदा भर दुपारी अण्णांच्या दारात बसलो होतो. दगडू आला. अनवाणी, घामाघूम.

"अण्णा, सकाळपासून डोक्यात तेच चाललंय. भांडण नाही, दुखणं नाही, सगळं बरं आहे, तरी तेच. गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो होतो. तिथूनच फिरलो. आज मला एकट्याला सोडू नका."

अण्णांनी त्याला शेजारी बसवलं, काकूंना ताट करायला सांगितलं. त्याच्या पाठीवरचा हात न काढता माझ्याकडे वळले. घरची अहिराणी तोंडात आली.

"आरे भो, आज हाऊ खरं बोलना. अमळनेरनी गाडी शे ना आते? ऊठ. शेवंताले सांग, ये म्हनाव!"