दोनदा भादरलेलं डोकं

माझ्या बहिणीला, सेकेसाईला, झांबेझी नदीच्या काठी हत्तीने तुडवलं. पाणी आणायला गेली होती. तिचं जे उरलं ते आम्ही चादरीत बांधलं. तिचा नवरा कायतानो डोकं भादरून नुसता उभा. मला त्याचा गळा दाबावासा वाटला.

कायतानो अभयारण्यात पाहुण्यांना पायी जनावरं दाखवायचा. खांद्यावर बंदूक असे, पण मिरवण्यापुरती. त्याचं कूळ हत्तीचं. हत्ती अंगावर आला की हा ओंजळीच्या टाळ्या वाजवायचा, "समान्यांगा, सुळ्यांच्या धन्या, भाऊ आलाय, वाट दे." आणि हत्ती खरंच वळायचे! पाहुणे खूश. मी पाण्याचे डबे वाहत मागून चालायचो आणि मी सिंहकुळीचा, म्हणून हत्तीला भाऊ म्हणणाऱ्या दाजीची मनसोक्त टर उडवायचो.

सेकेसाई गेल्यावर अभयारण्याच्या साहेबाने त्या हत्तीला मारायचा हुकूम काढला. कायतानो अडून बसला. "त्याच्या पायात शिकाऱ्यांच्या तारेचा फास रुतलाय. वेदनेने पिसाळलाय तो. आधी फास काढू."

"वा दाजी!" मी म्हणालो. "माझी बहीण मातीत, आणि तुम्ही भावाच्या पायाला मलम लावा!"

तो तार कापायची पक्कड घासत राहिला. त्याची मला आणखी चीड आली.

थोड्याच दिवसांत, पाहुणे बरोबर असताना, वाळक्या गवतातून तोच हत्ती आला. आधी पुवाचा वास, मग तो सुजलेला पाय. कायतानोने बंदूक जमिनीवर ठेवून टाळ्या वाजवल्या. हत्ती थांबला नाही.

"गोळी घाला, दाजी!" मी किंचाळलो.

माझ्या ओरडण्याने तो माझ्याकडे वळला. सोंडेने उचलून त्याने मला झाडावर आपटलं. बरगड्या मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. पाय माझ्या छातीवर यायला निघाला होता, तेवढ्यात कायतानोने बंदूक उचलून पहिली गोळी झाडली. हत्ती गुडघ्यावर आला. दुसरी कानामागे लागली. त्याचं गरम रक्त माझ्या तोंडावर उडालं.

तासाभरात गाव कुऱ्हाडी घेऊन धावलं. आतडी ओढली, मांसासाठी डोकी फुटली. कायतानोने मांसाला हात लावला नाही. तो पायातली तार उपसत बसला, स्वतःची बोटं रक्तबंबाळ होईपर्यंत.

मग दोन दिवसांनी तो माझ्या खाटेशी आला. माझ्या हातात वस्तरा दिला आणि खाली बसला.

"भादर. घरात मयत झालंय."

"त्याच्यासाठी? माझ्या बहिणीला मारणाऱ्यासाठी?"

"तुझ्यासाठी मारलं मी त्याला."

मी वस्तरा त्याच्या डोक्याला टेकवला. बरगड्यांतून कळ आली. वस्तरा लागला आणि त्याच्या कानामागून रक्त ओघळलं.

"हळू रे," तो म्हणाला. "सेकेसाईच्या वेळी भादरलेल्या केसांचे खुंट अजून कोवळे आहेत."