तात्यांची होडी आणि एकशेवीस बार

तात्यांच्या होडीत चप्पल घालून कुणालाही चढता येत नसे. वैरणीचे भारे घेऊन येणाऱ्या बायका आपणहून चपला हातात घेत. निवडणुकीच्या दिवसांत एक पुढारी बुटांसकट पाय टाकायला निघाले, तेव्हा तात्यांनी वल्हे आडवे धरले. "सायेब, मत तुमास्नीच देतो, पर बूट काडा की." पुढारी मोजे भिजवत पलीकडे गेले. मत कुणाला पडले ते मला ठाऊक नाही.

मी कसबा बावड्यात राहायला आलो त्याला आता तेरा वर्षे झाली. तात्यांचे घर माझ्यापासून चौथे, तरी शेवटपर्यंत मी त्यांचा 'पावणं'च राहिलो. नदीपलीकडच्या मळ्यात जायला पुलावरून सहा किलोमीटरचा वळसा पडतो. तात्यांच्या होडीने सात मिनिटे लागत. मी घड्याळ लावून पाहिले होते. "पाण्याला घड्याळ दावू नगा पावणं, लाजंल ते," असे म्हणून ते हसले होते. दुसरे एक वाक्य मात्र ते न हसता म्हणत: "नाव पाण्यात हाय तवर मी नावाडी. वर काडली की निस्ता म्हातारा."

पूर ओसरला की होडी काठावर पालथी घालायची आणि काथ्याने, विटेच्या तुकड्याने घासायची, हे त्यांचे चार दिवसांचे काम. फळ्यांच्या सांध्यांत कापूस आणि डांबर ठासलेले असे. त्याला ते 'भर' म्हणत. शेवाळ निघाले की प्रत्येक सांध्यावरून तळहात फिरवायचा, मग दसऱ्याची पूजा, मगच पाणी.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा उजवा खांदा गेला. कशाने, विचारले तर म्हणाले, "वय झालं की." हात छातीच्या वर जाईना. पूर ओसरला आणि होडी तशीच गाळाने माखून पडली. मुलगा कारखान्यात पाळीवर जाणारा. तो एके दिवशी माझ्यादेखत वैतागला. "दसऱ्यापतोर धुवून झाली न्हाय तर लाकूडवाल्याला बोलवणार मी. ह्या हातानं वल्हं मारणार व्हय तुमी?"

"वल्हं कंबरंतनं मारत्यात, खांद्यातनं न्हाय," तात्या म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

मी म्हणालो, "दाबाच्या पाण्याने धुवायचे मशीन मिळते. मी बघतो."

मी चार मशीनची माहिती काढली. दाब, मिनिटाला पाणी, वजन, नळीची लांबी, बादलीतून पाणी ओढते का, सगळे कागदावर मांडले. राजारामपुरीतल्या दुकानदाराने विचारले, "गाडी कुठली तुमची?" होडी म्हटल्यावर त्याने पुढ्यातले छोटे मशीन बाजूला सारले. "मग बॅटरीवालं नगो काका. चोवीस बार म्हंजे निस्तं तोंड धुणं." ते तीन किलोचे, कुठेही उचलून नेण्याजोगे होते. दुसरे विजेवरचे, चाके असलेले, दाब एकशेवीस बार. काठावरच्या पंपाच्या शेडमधून वायर पुरत होती. पाचपट दाब, आणि दसऱ्याला आठवडा उरलेला. मी एकशेवीस घेतले. होडीला किती दाब सोसेल, हा आकडा माझ्या कागदावर नव्हता.

काठावर मशीन सुरू केले तेव्हा तात्यांनी हात पुढे केला. "आदी माझ्या हातावर मारून दावा."

"नको, इजा होईल."

"हाताला इजा हुतीया, आन् नावंला न्हाय व्हय?"

"लाकूड आहे ते, तात्या."

ते बाजूला झाले. शेवाळ झरझर निघत गेले, खालची फळी उजळली. मी खूश होऊन सांध्यासांध्यातून फवारा फिरवत राहिलो. काळ्या कापसाचे पुंजके गवतावर उडून पडत होते; मला वाटले, गाळच आहे. मशीन बंद केले तेव्हा अठरा फुटांच्या होडीच्या तळात एका बाजूच्या सांध्यांतून आरपार उजेड दिसत होता.

तात्यांनी डाव्या हाताने एक पुंजका उचलला, चिमटीत दाबून पाहिला आणि टाकून दिला. "ऱ्हाऊ द्या. भर जुनीच हुती. यंदा काडायचीच हुती की."

"मग मी भरतो. तुम्ही शिकवा."

"एका वर्साचं शिकणं न्हाय त्ये, पावणं."

तसे काम करणारा दुसरा कुणी जवळपास उरला नव्हता. दसरा गेला. त्यांनी मला सोने दिले, पाठीवर हात ठेवला. भेटेल त्याला सांगत, "पावण्यानं लई खटपट केली." दिवाळीनंतर लाकूडवाला आला. त्या दिवसापासून ते नदीकडे गेले नाहीत. दारातल्या कट्ट्यावर बसत, दोन-दोनदा विचारले तरी एकदाच उत्तर देत. माघात, चार दिवसांच्या तापाने गेले.

दहावा झाल्यावर मी घरी भेटायला गेलो. मुलाने चहा दिला. मग तो म्हणाला, "मी उगंच वराडलो त्यांच्यावर. गेल्या उन्हाळ्यात आठ दिस उन्हात बसून एकट्यानं सगळी भर नवी भरली त्यांनी. तवाच खांदा गेला. तुमास्नी बोलले असतील की."

"नाही," मी म्हणालो. "मला जुनी आहे म्हणाले होते."