वहिनीने फोडलेला जिना

माझी वहिनी सरकारी बांधकाम खात्यात इंजिनिअर आहे, आणि हट्टीपणात तिचा हात धरणारं आमच्या घरात कोणी नाही. माझा भाऊ तर भांडण सुरू व्हायच्या आधीच शरण जातो.

आमच्या शाळेची नवी इमारत तिच्याकडे आली तेव्हा मला आनंद झाला आणि धडकीही भरली. मी त्याच शाळेत पहिलीला शिकवते. जुनी इमारत धोकादायक ठरल्यापासून आमचे वर्ग एका गोदामात भरत होते, मध्ये कपाटं उभी करून. एका वर्गाचे पाढे दुसऱ्याच्या कवितेत घुसायचे. त्यात शिक्षण खात्याने बजावलं होतं, नवं सत्र नव्या इमारतीत सुरू झालं नाही तर शाळा बंद, आणि मुलं हमरस्त्यापलीकडच्या शाळेत. माझ्या वर्गातली निम्मी चिमुरडी तो रस्ता ओलांडणार नव्हती, घरीच बसणार होती.

वहिनीची एक खोड होती. बांधकाम तपासताना ती गुडघ्यांना पोतं बांधून गुडघ्यांवर चालायची. नळ हाताला येतो का, खिडकीतून बाहेरचं दिसतं का, कडी लागते का, सगळं पोरांच्या उंचीवरून बघायची. मजूर तिला मागे 'रांगत्या बाई' म्हणायचे. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

जिन्याखालचे टेकू निघाले त्या दिवशी तिने मला फोन केला. "तुझी चार पोरं घेऊन ये गं."

पोरं झपाझप वर गेली. उतरताना मात्र एक भिंतीला चिकटला, आणि एक मुलगी बसून बसून खाली येऊ लागली. वहिनीचा चेहरा उतरला. खात्यात जिन्याचा नकाशा एकच, उंच पायऱ्यांचा, मोठ्या माणसांच्या मापाचा. कचेरी असो, दवाखाना असो, तोच डकवायचा. इथेही तोच डकवला गेला होता आणि त्यावर सही वहिनीचीच होती.

"फोडा," ती म्हणाली.

कंत्राटदाराच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो मॅडम, पोरं झाडावर चढतात!"

"झाडावर एकेक चढतं. इथे घंटा झाली की सगळी एकदम उतरणार."

जेवताना माझा तोल सुटला. "शाळाच उरली नाही, तर तुझा जिना काय चाटायचाय?"

"वन्सं, शाळाही उरेल आणि जिनाही होईल. चूक माझी, निस्तरणार मीच. वाढ आता."

तिच्या खात्यातल्या साहेबांनी उशिराचं खापर तिच्या डोक्यावर फोडायची धमकी दिली. "खुशाल फोडा," म्हणून ती कामाला लागली. बुटक्या पायऱ्यांना जागा जास्त लागते, तेव्हा तिने शिक्षकांची खोली अर्धी कापली. नणंद म्हणून मला काडीची सूट नाही! नवा जिना पाणी पिऊन घट्ट होईपर्यंत वरच्या वर्गांचं सामान बाहेरून शिडीने चढवलं. फरशीवाला रुसला, त्याला मनवलं. सुतार आजारी पडला, तर दुसरा कुठून तरी उचलून आणला. मी तिच्यावर चिडले होते, पण रोज शाळा सुटली की तिथे जाऊन फरशा पुसत होते.

सत्राच्या पहिल्या दिवशी जिना तयार होता, दोन्ही बाजूंना मुलांच्या हाताशी येणारे कठडे होते, पण रंग अर्धवट होता. शिक्षण खात्याचे तपासणी अधिकारी जिन्याच्या मध्यावर उभे राहून म्हणाले, "हे अपूर्ण दिसतंय." त्यांनी पेन काढलं.

तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली. वरचे सगळे वर्ग एकदम सुटले, माझी पहिली सगळ्यात पुढे. अधिकारी बिचारे कठड्याला चिकटून उभे राहिले आणि त्यांच्या शेजारून पोरं कलकलाट करत उतरत राहिली. कोणी अडखळलं नाही, कोणी रडलं नाही. शेवटचं पोर खाली पोचेपर्यंत ते बघत होते.

"रंग नंतर द्या," असं म्हणून त्यांनी शाळा चालवायला मंजुरी लिहिली.

ते गेल्यावर वहिनी खालच्या पायरीवर मटकन बसली आणि हमसून हमसून रडली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले. आम्ही दोघींनी जिना अडवलाय, हे आम्हाला कळलंच नाही.

सुट्टी संपली. एक चिमुरडी वहिनीसमोर येऊन उभी राहिली.

"अहो, सरका ना. आमचा वर्ग वर आहे."

वहिनी डोळे पुसत उठली आणि बाजूला झाली.