काटाबाईची तांबडी रेघ

त्या वर्षीच्या पेरणीत काटाबाईच्या नावाला पहिल्यांदा बट्टा लागला.

सुरुवात एका शेतकऱ्याच्या टोमण्याने झाली. वर्कशॉपच्या दारात ट्रॅक्टर उभा करून तो आत न येताच म्हणाला, "बाई, तुमच्या स्प्रिंगा यंदा लाजाळू झाल्यात. नुसतं ढेकूळ लागलं तरी फण पाय उचलतोय. बी सगळं मातीवर पडलंय. पाखरं तुम्हाला दुवा देतायत." दुसऱ्या दिवशी आणखी एकजण आला. मग फोन सुरू झाले. तक्रार सगळ्यांची तीच: फण टिकत नाही, लाथ मारतो.

काटाबाईचं काम होतं पेरणी यंत्राच्या स्प्रिंगा बसवायचं. पेरणी यंत्राला लोखंडी फण असतात. ते मातीत चर काढतात आणि मागच्या नळीतून त्यात बी पडतं. फणाला वर एक जाड स्प्रिंग असते. जमिनीतला दगड लागला, की फणाने अडून बसायचं नसतं. स्प्रिंग ताणून त्याने मागे सरायचं, दगडावरून पुढे जायचं आणि परत मातीत शिरायचं. स्प्रिंग घट्ट असली तर फण तुटतो नाहीतर यंत्राचा सांगाडा वाकतो. सैल असली तर फण साध्या मातीलाही घाबरतो. "संसारातही असंच वागावं," काटाबाईचा नवरा गिऱ्हाइकांना सांगायचा, "दगड लागला की मागे सरावं." त्यावर काटाबाई आतून विचारायची, "दगड कोण, तेही सांगा."

स्प्रिंग किती ताणायची, हे ठरवायची पद्धत नवऱ्यानेच काढली होती. वर्कशॉपच्या भिंतीत एक लोखंडी खांब गाडलेला होता. फण सुटा करून त्याला आडवा आवळायचा, स्प्रिंगचा नट पान्याने पिळायचा, आणि मग काटाबाईने फणाचं टोक दोन्ही हातांनी धरून पाय वर घ्यायचे. तिच्या वजनाने फण थोडासा वाकला आणि ती सुटताच जागेवर आला, की काम झालं. आधी त्याने लोखंडाची वजनं टांगून पाहिली होती, स्वतः लटकून पाहिलं होतं. पण ज्या फणांना बायको लटकली, त्यांच्याबद्दल कधी कोणाची तक्रार आली नाही. तेव्हा त्याने तिला भंगाराच्या काट्यावर उभं केलं, आणि जिथे सुई थांबली तिथे काट्याच्या तबकडीवर तांबड्या रंगाची रेघ ओढली. "ही माझ्या बायकोची रेघ," तो म्हणाला. झालं. साऱ्या बाजाराला बाईचं वजन पाठ झालं आणि तिचं नाव काटाबाई पडलं. कडक जमिनीचे शेतकरी विचारायचे, "बाई, आज पोटभर जेवून लटका हं."

वर्कशॉपात आणखी एक नियम होता. ताणलेली स्प्रिंग कधी निसटेल, सांगता येत नाही. नवरा पाना घेऊन बाजूला उभा राहायचा. त्याला काही वेगळं दिसलं, की तो दोन्ही हात डोक्यावर नेऊन पंजे उघडायचा आणि खाली आपटायचा. शेजारच्या दुकानातल्या लेथ यंत्राच्या आवाजात शब्द ऐकू येत नसत, म्हणून ही खूण. खुणेचा अर्थ: सोड. का, ते मागाहून विचारायचं. आधी सोडायचं.

नवरा गेला त्याला वर्ष होत आलं होतं. काटाबाईने काम थांबवलं नाही. नवऱ्याचा कामाचा डगला ती स्वतः घालू लागली, आणि पाना धरायला तिची भावजय येऊ लागली. भावजय म्हणजे तिच्या धाकट्या भावाची बायको. तोंडाने फटकळ, पण हाताला पक्की. पहिल्या दिवशी काटाबाईने तिला खूण शिकवली तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे वन्सं, का ते विचारायचंच नाही? मग हे तर मला लग्नातच शिकवलंय."

आता तक्रारी येऊ लागल्यावर काटाबाईने आधी स्प्रिंगांवर संशय घेतला. तिने जुनी आणि नवी स्प्रिंग शेजारी ठेवून तपासली. तार तीच, वेटोळी तीच. मग नटांवर घेतला, मग खांबावर. खांब हलवून पाहिला, तो जसाच्या तसा होता. रात्री झोप लागेना, दिवसा घास उतरेना. घास तसा बरेच दिवस उतरत नव्हता. एकटीसाठी काय रांधायचं, म्हणून ती चहात बिस्किट बुडवून वेळ मारून न्यायची. पण ते तिच्या हिशेबात कुठेच नव्हतं.

त्या सकाळी भावजय आली नव्हती. एक मिशाळ शेतकरी आला आणि त्याने खांद्यावरचा फण धाडकन टेबलावर ठेवला. "लटका," तो म्हणाला. "माझ्यासमोर लटका."

काटाबाईने फण खांबाला आवळला. टोक धरलं, पाय उचलले. फण थोडासा वाकला आणि ती उतरताच परत आला. अगदी हवा तसा.

"बघितलंत?" ती म्हणाली.

"बघितलं. आता मला लटकू द्या."

"तुम्ही कशाला?"

"मागे तुमच्या मालकांनी मला काट्यावर उभं केलं होतं. म्हणाले, तुझं आणि माझ्या बायकोचं वजन एक, तुम्ही दोघं माझ्या दुकानाची मापं. आठवतं? त्यानंतर माझ्यात काही फरक नाही. बायको म्हणते, अकलेतही नाही."

तो लटकला. फण धाडकन खाली आला आणि मिशाळ जमिनीवर बसला.

उठताना त्याच्या चेहऱ्यावरचा राग गेला होता. तो काटाबाईकडे पाहत होता, डगल्याकडे, डगल्याच्या बाह्यांतून निघालेल्या मनगटांकडे. नवऱ्याचा डगला तिला पहिल्या दिवसापासून सैलच होता. त्यामुळे आत कोणी किती उरलंय, हे कोणाला दिसलंच नव्हतं. तिलाही नाही.

ती कोपऱ्यातल्या भंगाराच्या काट्यावर जाऊन उभी राहिली. सुई निघाली, सरकली आणि तांबड्या रेघेच्या बरीच अलीकडे थांबली. तिने डगल्याचे खिसे चाचपले, जणू वजन तिथे कुठे राहिलंय. सुई हलली नाही.

सगळ्या स्प्रिंगा बरोबर होत्या. माप खोटं झालं होतं.

"बाई, बसा जरा," मिशाळ म्हणाला.

पण काटाबाईने फोन उचलला होता. यंदा तिने पहिलं यंत्र भावाचं केलं होतं, आणि त्याची पेरणी आजच होती. बऱ्याच वेळाने त्याने फोन घेतला. मागे ट्रॅक्टर धडधडत होता.

"यंत्र थांबव," ती म्हणाली. "स्प्रिंगा सैल आहेत. माझं चुकलंय."

"सैल होत्या, ताई. आता नाहीत." भाऊ खुशीत होता. "तुला उगाच त्रास नको म्हणून कोणाला न सांगता मीच उपाय केला. वरच्या भोकातून बोल्ट घातले, सगळ्या फणांना. आता एकही लाथ मारत नाही. बघायला ये, कशी सरळ पेरणी चाललीय."

बोल्ट घातला म्हणजे स्प्रिंग असून नसल्यासारखी. फण आता मागे सरणारच नव्हता. रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

"मागच्या फळीवर कोण आहे?"

"कोण असणार? तुझी भावजय. नळ्या बघतेय. आता खालच्या पट्ट्यात चाललोय. ठेवतो."

"अरे, खाली दगड—"

फोन बंद झाला. तिने पुन्हा लावला. वाजत राहिला. धडधडाटात तो आता कोणालाच ऐकू येणार नव्हता.

खालच्या पट्ट्यात एक दगड होता, मातीखाली दडलेला, बैलाच्या पाठीएवढा. भावजयीने लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्याचं नाव ठेवलं होतं सासरा. दिसत नाही, हलत नाही, आणि नेमका आडवा येतो म्हणून. काटाबाईच्या वडिलांच्या कानावर हे बारसं गेलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "दगड बरा, वर्षातून एकदाच आडवा येतो." पूर्वी तिथे काठी रोवलेली असायची. मग काटाबाईच्या स्प्रिंगा आल्या. फण खट् आवाज करून सासऱ्यावरून जाऊ लागला आणि काठी कोणी रोवेनासं झालं. तिच्या कामावर त्यांचा इतका विश्वास होता.

आणि मागच्या फळीवर माणूस उभा असतो, एका हाताने बियाण्याची पेटी धरून. ट्रॅक्टर ओढत राहिला आणि फण दगडात अडकला, तर यंत्र उसळणार. फळीवरचा माणूस एकतर समोरच्या लोखंडावर आपटणार, नाहीतर यंत्राखाली जाणार.

मिशाळ "मी येऊ का" म्हणेपर्यंत तिची स्कूटर रस्त्याला लागली होती. गोदामाच्या गल्लीत एक ट्रक मागे मागे येत होता आणि त्याने सगळी वाट अडवली होती. क्लीनर हात दाखवत होता, येऊ दे, येऊ दे. काटाबाईने स्कूटर फुटपाथवर चढवली. चहाच्या टपरीवरच्या माणसाने आपला पेला छातीशी धरला आणि तो भिंतीला चिकटला. "म्हातारपणी शर्यत लावलीय," तो मागून म्हणाला. तिला ते ऐकू आलं आणि त्याही अवस्थेत राग आला. म्हातारी कोण?

बांधावर तिने स्कूटर तशीच टाकली. चाक फिरत राहिलं.

ट्रॅक्टर खालच्या पट्ट्यात होता आणि पाठमोरा चालला होता. ती पेरलेल्या जमिनीतून धावू लागली. पेरलेल्यात पाय ठेवू नये, हे तिला वडिलांनी चालायला शिकवतानाच शिकवलं होतं. माती मऊ होती, प्रत्येक पाऊल रुतत होतं. डगला पायांत येत होता. ती ओरडली, पण तिचा आवाज तिलाच जेमतेम ऐकू आला.

पलीकडच्या बांधाशी ट्रॅक्टर वळला आणि तिच्या दिशेने येऊ लागला. भाऊ मान वाकडी करून मागच्या फेरीची चाकोरी बघत होता. समोर त्याचं लक्षच नव्हतं. काटाबाईने विहिरीचा कोपरा पाहिला, बांधावरचं एकटं झाड पाहिलं. ती दोन्ही जिथे एका ओळीत येतात, तिथे सासरा. ट्रॅक्टर त्या ओळीच्या अगदी जवळ आला होता. ती त्याच्यासमोर वेळेत पोचणार नव्हती.

पेटीच्या वर भावजयीचं डोकं दिसत होतं. तिने काटाबाईला पाहिलं आणि एक हात हलवला, वन्सं आज शेतात कशा, अशा आश्चर्याने.

काटाबाई थांबली. दोन्ही हात डोक्यावर नेले, पंजे उघडले आणि खाली आपटले.

भावजयीचं डोकं पेटीमागून नाहीसं झालं.

त्याच क्षणी धाडकन आवाज झाला. यंत्राची एक बाजू हवेत उठली, फळी उसळून सांगाड्यावर आपटली आणि तिचे दोन तुकडे झाले. ट्रॅक्टरने पुढची चाकं उचलली, एक आचका दिला आणि तो बंद पडला. मग इतकं शांत झालं, की पेटीतलं बी मातीवर सांडल्याचा आवाज ऐकू येऊ लागला.

भावजय यंत्राच्या मागे मातीत बसली होती. कोपर खरचटलं होतं, केसांत माती. भाऊ ट्रॅक्टरवरून उतरला तो तिच्याकडे गेलाच नाही. तुटक्या फळीपाशी उभा राहिला आणि तिला हात लावून पाहत राहिला.

काटाबाई धापा टाकत जवळ आली.

"वन्सं," भावजय म्हणाली. "का ते आता विचारलं तर चालेल?"

काटाबाई मटकन तिच्या शेजारी बसली.

"मी बोल्ट घातले," भाऊ म्हणाला. तो कोणाशी बोलत होता, कळत नव्हतं. "मला वाटलं, ताईचा हात बसला नसेल. एवढंच वाटलं."

"बोल्ट तुझे," काटाबाई म्हणाली. "सैल स्प्रिंगा माझ्या. तू मला विचारलं नाहीस, आणि मी काट्यावर उभी राहिले नाही."

"काट्यावर कशाला?"

भावजयीने काटाबाईच्या डगल्याची बाही धरली आणि ती हळूच वर सारली. आतला दंड पाहिला. मग बाही परत खाली केली, नीट मनगटापर्यंत. "रोज पाना धरून शेजारी उभी असते मी," ती म्हणाली. "माझे डोळे काय नटाकडेच होते?"

भावाने पाना आणला आणि एकेक बोल्ट काढू लागला. वाकलेल्या फणाचा निघेना, तेव्हा त्याने कपाळाचा घाम पुसला आणि पुन्हा जोर लावला. मदतीला कोणी गेलं नाही. त्यालाही कोणी यायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी काटाबाईने सगळ्या गिऱ्हाइकांना फोन केले. फण घेऊन या, मी चुकीचे बसवलेत, मजुरी पडणार नाही. कोणी का म्हणून विचारलं, तर ती सांगायची, "माझं वजन उतरलंय." मग पलीकडचे "येतो" म्हणायचे.

पहिला मिशाळ आला. तो म्हणाला, "मी लटकतो ना, माझं वजन तेच आहे."

"तुम्ही पेरणी सोडून रोज इथे लटकत बसणार का?" काटाबाई म्हणाली.

ती भंगाराच्या काट्यावर चढली. भावजय नटांचा डबा घेऊन शेजारी उभी राहिली आणि डगल्याच्या खिशांत नट टाकू लागली, एकदा उजव्या, एकदा डाव्या. सुई सरकत होती. खिसे भरले, तेव्हा छातीवरच्या खिशात टाकले. तो भरला, तेव्हा पट्ट्याला एक जुना पुलीचा तुकडा बांधला. सुई तांबड्या रेघेला टेकली.

"आता रोज यातलं थोडं काढायचं," भावजय म्हणाली, "आणि तेवढं पोटात घालायचं. डबा मी आणणार. तुम्ही माझ्यासमोर जेवायचं. खिसे रिकामे झाले, की मला सुट्टी."

"तोपर्यंत तुझा नवरा काय खाणार?"

"बोल्ट."

मिशाळ हसला. काटाबाईलाही हसू आलं, पण फण धरताना हसायचं नसतं, म्हणून तिने ते ओठांत दाबलं. जड डगल्याने ती खांबापाशी गेली, टोक धरलं आणि पाय वर घेतले. डगला खाली ओढत होता. दंड भरून आले. फण थोडासा वाकला आणि तिथेच थांबला.

शेजारच्या लेथचा आवाज सुरू झाला होता. तिने मान वळवून पाहिलं. भावजय नटाकडे नाही, तिच्याकडे बघत होती, आणि तिने दोन्ही हात डोक्यावर नेले होते, पंजे उघडे.

काटाबाईने सोडलं. का ते विचारलं नाही.