तीन भाषांचा चपराशी

मुखरूला कशाबद्दलही विचारा, त्याचं मत तयार असे. चहात गूळ घालणाऱ्याला ना चहाची चव कळते ना गुळाची. गळ टाकून दिवसभर पाण्याकडे बघत बसणं हा छंद नव्हे, ते आळसाला दिलेलं चांगलं नाव. सायकल घेणाऱ्याने आधी पडायला शिकावं, मग बसायला. ही सगळी मतं तो सिरोंच्याकडच्या जंगलखात्याच्या एका लाकूड-डेपोच्या ओसरीवर बसून हेडक्लार्क बापूजींना ऐकवी, आणि बापूजी कान कोरत ऐकून घेत. पावसाळ्यात नाले भरले, आलापल्लीचा रस्ता बंद झाला, की दोघांना दुसरा उद्योग तरी कुठला होता!

पण साहेबांची घंटी वाजली की मतं ओसरीवरच राहत. आत मुखरूच्या तोंडात फक्त दुसऱ्याचं बोलणं असे.

नावाला तो चपराशी, कामाने दुभाष्या. १९४८ साली मार्कंड्याजवळच्या आपल्या गावाहून वर्षभरासाठी म्हणून आला. डेपोतले मजूर तेलुगू बोलत, जंगलातली माणसं गोंडी. मुखरूचा कान मोठा तल्लख. गावच्या दंडारीत, म्हणजे नाच-गाण्यांच्या खेळात, तो लहानपणापासून सोंगं करायचा. कोणाचंही बोलणं एकदा ऐकलं की त्याच सुरात म्हणून दाखवायचा. दोन वर्षांत दोन्ही भाषा त्याच्या जिभेवर येऊन बसल्या. साहेब खूश झाले, आणि मुखरू अडकला.

दरवर्षी तो बदलीचा अर्ज करी. दरवर्षी उत्तर एकच: तुझ्या जागी बोलणार कोण? दिवाळीनंतर गावात दंडार उभी राही, तेव्हाच इकडे लाकडाचा हंगाम सुरू होई आणि रजा मिळत नसे. पावसाळ्यात रजा मिळे, तर रस्ता नसे. बायको रंभा गावी दिरासोबत धानाची शेती बघत होती. नऊ वर्षांत तो किती दिवस घरी राहिला असेल! मागच्या खेपेला त्याची पोर चंदा त्याला बघून आत पळाली आणि आईला म्हणाली, "आई, पाव्हना आला!"

छप्पन साली जिल्हा मुंबई राज्यात गेला, आणि पुढच्या वर्षी पुण्याकडचे साहेब आले. मुखरूला वाटलं, आता आपल्या भाषेचा माणूस आला, आपलं दुखणं त्याला कळेल.

"काय करतोस इथे?" साहेबांनी विचारलं.

"काम करून राह्यलो जी. नऊ वरसं झाले. मले आता घरी धाडा."

"राह्यलो काय? मराठी आहेस ना? शुद्ध बोलत जा."

मुखरू बाहेर आला तो फणफणत. "बापूजी, तांदूर निवडाव, तुरीची दार निवडाव. भाषा का सुपात घेऊन निवडाची चीज होय?"

बापूजी हसले. "आता मराठीलेही दुभाष्या लागन. तू काई सुटत नाई गड्या." मग आवाज उतरवून म्हणाले, "तीन भाषा येतात, हाच तुहा गुन्हा. विसर नं एकदोन! कामाचा नाई म्हटलं का देतीन हाकलून."

ते बोलणं मुखरूच्या मनात रुतून बसलं.

आठ दिवसांनी संधी आली. पोचू नावाच्या पोराला जंगल राखणाऱ्या नाकेदाराने सागाचं लाकूड चोरलं म्हणून धरून आणलं. पोचूच्या तोंडून भीतीने शब्द फुटेना. त्याची आई सोमारी दोन कोस चालत आली आणि साहेबांसमोर गोंडीत सांगू लागली. वादळात झाड पडलं होतं. घराचा खांब मोडला म्हणून तिने नाकेदाराला विचारलं. त्यानेच 'फांदी ने' म्हटलं, आणि बदल्यात तिची कोंबडी घेऊन गेला.

"काय म्हणते?" साहेब.

मुखरूने घसा खाकरला. "म्हनते का झाड पडलं होतं, पोरानं लाकूड नेलं."

"एवढंच? इतका वेळ तर बोलत होती."

"मले बराबर समजत नाई जी तिची बोली."

"म्हणजे कबूल आहे," साहेब म्हणाले आणि लिहू लागले. "पोलिसांकडे पाठवा याला."

सोमारीला त्यातलं अक्षर कळलं नाही. आपलं सगळं बोलणं पोचलं असं समजून तिने मुखरूकडे बघून हात जोडले. मग पोचूच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "चल बाबा, सांगितलं त्यानं."

मुखरूने मायलेकांकडे पाहिलं. पोरगं तुरुंगात गेलं असतं, आणि हा घरी जाऊन दंडारीत नाचला असता.

"थांबा जी!" तो जवळजवळ ओरडलाच. "मी अर्धंच सांगलो. मले सगळं समजलं होतं."

त्याने सोमारीचा शब्द न् शब्द सांगितला. कोंबडीही सांगितली. नाकेदाराचा चेहरा उतरला. साहेबांनी दोनदा दरडावून विचारल्यावर त्याने मान खाली घातली. पोचू सुटला.

मायलेक गेल्यावर साहेबांनी मुखरूला थांबवून घेतलं.

"मुद्दाम केलंस?"

"होय जी. निकामा ठरलो असतो तं घरी धाडलं असतं तुमी."

 साहेबांनी त्याचा अर्ज काढून फायलीत खाली सरकवला. "आपली चूक आपल्या तोंडाने सांगणारा दुभाष्या मला पुन्हा कुठे मिळणार? मी इथे आहे तोवर तुझी बदली नाही." त्यांना वाटलं, आपण शाबासकी दिली.

मुखरूने चार दिवस बापूजींना एकही मत ऐकवलं नाही. पाचव्या दिवशी घरी पत्र धाडलं: माझी वाट पाहू नका.

माघात लाकडाच्या रिकाम्या ट्रकमधून रंभा उतरली, चंदाला आणि पत्र्याच्या पेटीला घेऊन. "तुमी येत नाई, म्हनून आमीच आलो. घर भाऊजीच्या हवाली केलं."

मुखरूला आनंदाने रडू आलं. आणि त्याच वेळी जाणवलं, आता परत जायला तिकडे काही उरलं नाही.

रविवारी तो तिला बाजारात घेऊन गेला. मासळीवाली तेलुगूत भडाभडा बोलू लागली. रंभा गोंधळून नवऱ्याकडे बघू लागली.

"काय म्हनते थे?"

"म्हनते का मासा सकाळचाच होय."

"खोटं बोलते म्हना तिले. डोरे पाहा त्याचे!"

मासळीवालीही आता मुखरूकडेच बघत होती. त्याने पिशवी दुसऱ्या हातात घेतली, आणि रंभाचं म्हणणं, जरा सौम्य करून, तेलुगूत सांगायला सुरुवात केली.