साखर इथलीच

"या बोटाचं रक्त नको, बाय. हे खोटं सांगतं. दुसरं घे."

जेद्दाला बलद या जुन्या वस्तीतल्या एका दवाखान्यात मी नर्स आहे. चाचा साखर तपासायला आले की हे ठरलेलं. मी दुसरं बोट टोचायचे, आकडा तसाच चढलेला यायचा. मग संशय मशीनवर, मशीन झालं की डॉक्टरवर आणि शेवटी माझ्यावर. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आली की डोकं उठवतात, नाही आली की चुकल्यासारखं होतं.

चाचा मूळचे मंडणगडकडचे. इथे यात्रेकरूंच्या हॉटेलात पाहुण्यांच्या स्वागताला असत. आजार इथल्या मुलखाचाच, हे त्यांचं ठाम मत. "धाकटा भाऊ गावी आहे. रक्त एकच, भात-मासे तेच. त्याला काही नाही, मग मलाच का?" एसी, लिफ्ट, समुद्राचं गोडं केलेलं पाणी, सगळ्यांवर त्यांचा वहीम होता.

"आणि खजूर?" मी एकदा विचारलं.

"पाहुण्यासोबत एक खावाच लागतो. पण वर काव्हा फिका पितो की."

पाहुणे दिवसभर येत. फिक्या काव्ह्याच्या, म्हणजे बिनसाखरेच्या अरबी कॉफीच्या भरवशावर हा माणूस दिवसभर खजूर खात होता. मी कपाळावर हात मारून घेतला.

एकदा ते लंगडत आले. मोजा काढायला तयार नाहीत. "चप्पल चावलीय," म्हणे. मी ऐकते होय? ओढलाच मोजा. अंगठा काळा पडला होता. मी धावत डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर म्हणाले, आजच दाखल व्हा, नाहीतर पाय जाईल. चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच कट रचला होता.

"इथे कापतील. गावी गेलो की साखर आपोआप उतरेल. गोळ्याही बंद."

मी भांडले, हातापाया पडले. ते गेलेच.

बरेच दिवस काही कळेना. मग त्यांचाच फोन आला. अंगठा गेला होता, पाय वाचला होता. मी रागवायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "भावाचीपण तपासली. माझ्याहून जास्त निघाली."

"गावी राहून?"

"डोंगर चढायला नको म्हणून बाईक मीच घेऊन दिली ना त्याला. तेव्हापासून चालतोय कुठे तो?" त्यांचा आवाज बारीक झाला. मला फार वाईट वाटलं.

"आता गोळ्या दोघं घेतो," ते म्हणाले. "सकाळी चढणीवर जातो. तो पुढे, मी काठी घेऊन मागे."

"सावकाश चालायचं म्हणून?"

"छे. मी पुढे गेलो तर वळणावर बसून राहील तो. ओळखतो मी त्याला."